वाडी नाक्यावरचं डेव्हऑप्स

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले तीन शनिवार-रविवार ऑफिसनेच खाल्ले, त्याची गोष्ट पुढे येईलच.

गेल्या रविवारी काकांच्या ऑफिसात बसलो होतो. ऑफिस म्हणजे वाडीला अमरावती रोडच्या आतल्या गल्लीतला दहा बाय बाराचा गाळा. एक टेबल, दोन लोखंडी कपाटं, भिंतीवर तीन कॅलेंडरं आणि बाहेर उभी एक दहाचाकी. काकांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तू हे जे रात्रीबेरात्री करत राहतो, त्याला म्हणतात तरी काय?"

मी म्हणालो, "डेव्हऑप्स."

"म्हणजे?"

आता आली का पंचाईत! आमच्या इंडस्ट्रीत या शब्दाच्या जितक्या व्याख्या तितकी सर्टिफिकेटं. पाइपलाइन, कंटेनर, क्लाउड असं काहीबाही सांगायला लागलो, तर काका म्हणाले, "कंटेनर तर आमच्याकडे पण आहेत." मग मी गाडी वळवली आणि त्यांना त्यांच्याच धंद्यातली एक तारीख विचारली. १ फेब्रुवारी २०१८ आठवते का? काका खुर्चीत सरळ बसले. आठवत होती म्हणजे काय!

तर आजचा लेख त्या तारखेबद्दल. पण आधी थोडं वाडीबद्दल, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकांना वाडी म्हणजे सावंतवाडी नाहीतर नरसोबाची वाडी वाटते. आमची वाडी नागपूरच्या पश्चिमेला, अमरावतीकडे जाणाऱ्या हायवेवर, जो पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ होता आणि आता ५३ आहे. शेजारी अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी, पलीकडे हिंगणा एमआयडीसी आणि मधे नजर जाईल तिथवर गोडाऊन आणि ट्रान्सपोर्टची ऑफिसं. ही ऑफिसं इथेच का, तर काकांचं उत्तर एका शब्दाचं असतं : नाका. वाडी नागपूर महापालिकेच्या हद्दीबाहेर. माल शहरात न्यायचा तर नाक्यावर जकात. मग माल बाहेरच उतरवा, साठवा, लागेल तसा आत न्या. नागपुरात जकात १ एप्रिल २०१३ ला गेली आणि एलबीटी आला. बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही १ ऑगस्ट २०१५ ला गेला. नाका गेला, गोडाऊन राहिली.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे चेकपोस्टही उठायला लागले. ट्रक थांबेनात, ही चांगलीच गोष्ट होती. पण सरकारपुढे प्रश्न असा की आता ट्रकमधल्या मालावर कर भरलाय की नाही हे बघायचं कोणी आणि कुठे? उत्तर होतं ई-वे बिल. पन्नास हजारांवरचा माल हलवायचा तर आधी पोर्टलवर माहिती भरा, बारा आकडी नंबर घ्या आणि ट्रक सोडा. रस्त्यावरचा नाका उचलून सर्व्हरमध्ये नेऊन ठेवला म्हणा ना. फरक एवढाच की जुना नाका बंद पडला तर एक रस्ता अडायचा, नवा बंद पडला तर देश.

हे सॉफ्टवेअर एनआयसीने बनवलं. खुद्द जीएसटीचं पोर्टल जीएसटीएनचं, ते बनवलं इन्फोसिसने. म्हणजे पहिल्या दिवसापासून दोन मालक, दोन यंत्रणा आणि दोघींनी एकमेकींशी बोलायचं. कर्नाटकात ई-वे बिल सप्टेंबर २०१७ पासून चालू होतं, त्यामुळे पाटी अगदीच कोरी नव्हती.

आता तारखा नीट बघा, कारण गंमत इथेच आहे. ६ ऑक्टोबर २०१७ च्या बैठकीत जीएसटी कौन्सिलने ठरवलं होतं की ई-वे बिल १ जानेवारी २०१८ पासून टप्प्याटप्प्याने आणायचं आणि १ एप्रिलपासून देशभर. शहाणा प्लॅन होता. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात कराची वसुली खाली आली आणि गळती थांबवायची घाई सुरू झाली. १६ डिसेंबरला कौन्सिल व्हिडिओ कॉन्फरन्सवर भेटलं आणि तारीख अलीकडे ओढली गेली. १६ जानेवारीपासून चाचणी, १ फेब्रुवारीपासून आंतरराज्य वाहतुकीला सक्ती. राज्यांतर्गत वाहतुकीसाठी १ जूनच्या आत ज्याने त्याने आपली तारीख निवडावी. काही राज्यांनी तीही १ फेब्रुवारीच निवडली.

आपल्यापैकी कोणी हे वाचून "अरे, हे तर आमच्या क्लायंटसारखं झालं" असं म्हणालं नाही, तर तो आयटीत नाही. :) तारीख वरून येते, चाचणीचे पंधरा दिवस उरतात आणि चाचणीत लोक येतातही मोजकेच, कारण सक्ती नसताना कोण फॉर्म भरतो?

१ फेब्रुवारी २०१८, गुरुवार. शिवाय त्याच दिवशी अरुण जेटलींचं बजेट. मी तेव्हा पुण्यात होतो आणि ऑफिसच्या कँटीनमधल्या टीव्हीवर स्टँडर्ड डिडक्शनचं काय होतंय ते बघत होतो. तिकडे देशभरातले व्यापारी आणि ट्रान्सपोर्टर एकाच सकाळी एकाच पोर्टलवर गेले आणि पोर्टल बसलं. पान उघडेना, उघडलं तर नंबर मिळेना. सरकारने त्याच दिवशी जाहीर केलं की चाचणीची मुदत वाढवतोय, सक्ती नंतर. दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारीला, सक्तीची अधिसूचना रीतसर मागे घेतली गेली.

पेपरांनी "फज्जा" म्हणून बातम्या दिल्या, त्या चुकीच्या नव्हत्या. पण मला या प्रकरणात खरं शिकण्यासारखं वाटतं ते हे माघार घेणं. पोर्टल बंद केलं नाही, कोड काढला नाही, फक्त सक्ती काढली. सॉफ्टवेअर चालूच होतं आणि ज्यांना वापरायचं ते वापरत होते. आमच्या भाषेत सांगायचं तर डिप्लॉय आणि रिलीज वेगळे केले. नवीन फीचर प्रॉडक्शनमध्ये ठेवायचं पण एका बटणाने बंद ठेवायचं, याला आम्ही फीचर फ्लॅग म्हणतो आणि फार आधुनिक समजतो. इथे फ्लॅग होती गॅझेटमधली अधिसूचना. ती एका दिवसात फिरवता आली म्हणून ट्रक जुन्या कागदांवर सुटले. ती फिरवायला महिना लागला असता तर काय झालं असतं याची कल्पना वाडीत कोणालाही विचारा.

इथे थोडं विषयांतर. डेव्हऑप्स हा शब्द आला कुठून? बेल्जियमच्या पॅट्रिक डेब्वा नावाच्या माणसाकडे २००७ मध्ये तिथल्या एका सरकारी खात्याचं डेटा सेंटर हलवायचं काम होतं (हो, सरकारीच). त्यात त्याला कधी कोड लिहिणाऱ्यांत तर कधी सर्व्हर सांभाळणाऱ्यांत बसावं लागे, आणि दोन्ही गट एकमेकांशी भिंतीआडून बोलल्यासारखे बोलत. जून २००९ मध्ये फ्लिकरच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी एका कॉन्फरन्समध्ये सांगितलं की आम्ही दिवसाला दहाच्या वर वेळा रिलीज करतो, कारण आमचे हे दोन गट एकत्र काम करतात. डेब्वाने ते इंटरनेटवर पाहिलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर गेंट शहरात दोन दिवसांचं संमेलन भरवलं, डेव्हऑप्सडेज. ट्विटरवर नाव लांब पडतं म्हणून डेज गळलं. डॉकर २०१३ चं, कुबरनेटीस २०१४ चं. म्हणजे आज ज्या टूल्सना लोक डेव्हऑप्स म्हणतात त्यातली मोठी टूल्स शब्दानंतर आली. असो.

पुन्हा ई-वे बिलाकडे. फेब्रुवारीत सुशील मोदींच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिगटाने आढावा घेतला. मार्चमध्ये कौन्सिलने नवीन तारीख दिली, १ एप्रिल. तेव्हा सांगितलं गेलं की यंत्रणा आता दिवसाला ७५ लाख बिलांचा भार घेऊ शकते. पण माझ्या मते ७५ लाखांपेक्षा महत्त्वाचं होतं ते नवीन वेळापत्रक. १ एप्रिलला फक्त आंतरराज्य वाहतूक. (तो रविवार होता. रिलीजला रविवार निवडणाऱ्या माणसाला माझा नमस्कार.) राज्यांतर्गत सुरुवात एकट्या कर्नाटकात, जिथे लोकांना सवय होती. १५ एप्रिलला आंध्र, तेलंगणा, केरळ, गुजरात, उत्तर प्रदेश. २० तारखेला बिहार, हरियाणा वगैरे. २५ एप्रिलला आपला शेजारी मध्य प्रदेश. महाराष्ट्राची पाळी २५ मेला आणि दिल्लीची १६ जूनला.

कोळशाच्या खाणीत विषारी वायू कळावा म्हणून पूर्वी कॅनरी पक्षी नेत. त्यावरून आधी थोड्याच लोकांना रिलीज द्यायच्या पद्धतीला कॅनरी रिलीज म्हणतात. इथे कॅनरी म्हणून अख्खी राज्यं होती! आणि हे वेळापत्रक म्हणजे ऑक्टोबर २०१७ चाच प्लॅन, एक धडक खाऊन परत आलेला. तारीखसुद्धा तीच, १ एप्रिल.

पुढे ही रीत सवयीची झाली. ई-इन्व्हॉइस आलं ते १ ऑक्टोबर २०२० ला पाचशे कोटींवर उलाढाल असलेल्यांना, तीन महिन्यांनी शंभर कोटींवाल्यांना, मग पन्नास, वीस, दहा आणि १ ऑगस्ट २०२३ ला पाच कोटींवाल्यांना. जवळजवळ तीन वर्षं! मोठ्यांकडे आयटीची माणसं असतात, धक्का ते आधी खातील, हा हिशेब.

एवढं सगळं काकांना सांगून झाल्यावर ते म्हणाले, "मग सरकारला जे समजलं ते तुम्हाला कसं नाही समजलं?"

हा टोला मला होता. तो सांगायला हवाच.

आमचा एक क्लायंट आहे, त्याची विदर्भात गोडाऊन आहेत. बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर त्यांच्याच सर्व्हर रूममध्ये चालतं आणि नवीन भाग आम्ही एकेक करून पब्लिक क्लाउडवर नेतोय. यालाच हायब्रिड क्लाउड म्हणतात. ऐकायला भारी, पण आहे ते अर्धं घर नवीन फ्लॅटमध्ये आणि अर्धं अजून वाड्यात, आणि रोज सकाळी डबा कुठल्या स्वयंपाकघरात राहिला ते शोधायचं. एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही ई-वे बिल बनवणारी सर्व्हिस क्लाउडवर हलवली. सगळ्या टेस्ट हिरव्या. सातच्या सुमारास गोडाऊनमध्ये एकही बिल बनेना.

कारण अगदी साधं होतं. एनआयसीच्या एपीआयला थेट जोडायचं तर तुमच्या सर्व्हरचा स्थिर आयपी पत्ता आधी नोंदवावा लागतो. क्लाउडवर गेल्यावर पत्ता बदलला. चाचणीच्या यंत्रणेत नवीन पत्ता नोंदवला होता, खऱ्या यंत्रणेत नाही. दारावरचा वॉचमन अनोळखी माणसाला आत सोडेना, त्यात वॉचमनची काय चूक? जुनी सर्व्हिस परत सुरू करावी तर ती मशीन दुपारीच कोणीतरी 'साफ' केली होती. पोर्टलवर हाताने बिलं करता आली असती, पण पासवर्ड अकाउंट्सच्या साहेबांकडे आणि साहेब लग्नाला. साडेदहापर्यंत नऊ गाड्या भरून, ताडपत्री बांधून उभ्या.

आठ वाजता काकांचा फोन. "अरे, रायपूरची गाडी भरून उभी आहे, ते म्हणतात सर्व्हर डाऊन. तुला काही समजते का यातलं?" त्यांना माहीत नव्हतं की तो सर्व्हर माझाच आहे. मी "बघतो" म्हणालो. हे त्यांना मी गेल्या रविवारी सांगितलं, चार महिन्यांनी. त्या रात्री ड्रायव्हर गाडीखाली चटई टाकून झोपला होता. हॉल्टिंग काकांनी मागितलं, मिळालं नाही.

नंतरच्या मीटिंगमध्ये जे कळलं ते जास्त लागलं. क्लायंटच्या सर्व्हर रूममधल्या सिस्टिम ॲडमिनला आयपीचं माहीत होतं. मूळ पत्ता त्यानेच नोंदवला होता. आमच्या प्लॅनिंगच्या एकाही कॉलवर आम्ही त्याला बोलावलं नव्हतं. का, तर "त्यांचं काम आता क्लाउडवर जाणार आहे". तो माणूस हे ऐकून होता, मग आपणहून कशाला बोलेल? डेब्वाची भिंत आम्ही पुन्हा बांधली होती, तीही कुबरनेटीस वगैरे सगळं लावून.

मधले तीन वीकेंड त्यातच गेले. आयपी, सर्टिफिकेटं, पासवर्ड कोणाकडे हे सगळं आता कोडसोबत गिटमध्ये लिहिलेलं आहे (पासवर्ड सोडून, घाबरू नका). रिलीज आधी एकाच गोडाऊनला जातो, जुनी सर्व्हिस आठवडाभर जिवंत ठेवतो. सिस्टिम ॲडमिन प्रत्येक कॉलवर असतो आणि त्याच्या नोकरीचं पुढे काय हे त्याने विचारलं, त्याला आमच्या मॅनेजरकडे अजून धड उत्तर नाही. यावर कुठलंही टूल नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

तिकडे ई-वे बिलाचं दुसरं पोर्टलही १ जुलै २०२५ ला सुरू झालं. पहिलं अडलं तर दुसऱ्यावर बिल करा, दोन्हीकडची माहिती काही सेकंदांत जुळते. काकांच्या मुनीमजींनी दोन्ही पत्ते मोबाईलवर ठेवलेत. बिल्टी मात्र अजून कार्बन लावून हातानेच लिहितात.

येत्या मंगळवारी कळमेश्वरच्या गोडाऊनचा रिलीज आहे. काकांनी बजावलंय, "दहाच्या आत करून टाक बाबा, बारानंतर गाड्या भरतात." रिलीजची वेळ कॅलेंडरवर बदलून नऊ केली आहे.