हुपरीचे कम्मार

सूचिजातकात एका कम्मारगामाचे वर्णन आले आहे. हजार घरांचे ते गाव, आणि घरे सारी लोहारकाम करणाऱ्यांची. आसपासच्या गावांतील लोक वस्तरे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ घडवून घेण्यासाठी तेथे येत. एक संपूर्ण गाव एकाच धातुकामावर जगत असल्याचे हे चित्र वाचताना आम्हांस कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीचे स्मरण होते. हुपरीचा धातू लोखंड नव्हे, चांदी आहे, हा एक फरक. दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. त्याकडे आपण पुढे वळू.

हुपरी हे हातकणंगले तालुक्यात, पंचगंगा व दूधगंगा या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसले आहे. एका बाजूस कोल्हापूर, दुसऱ्या बाजूस यंत्रमागांची इचलकरंजी, आणि दक्षिणेस लगेच कर्नाटकाची सीमा. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला, तो रुकडीवरून गेला. हुपरीला रेल्वे लाभली नाही. शिवारात ऊस आहे, जवळच जवाहर सहकारी साखर कारखाना आहे, कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतही फार लांब नाही. २०१७ मध्ये येथे नगरपरिषदेची पहिली निवडणूक झाली. कागदोपत्री ते शहर झाले खरे. पण गोठ्याशेजारी चांदीची आटणी चालते, तोवर त्यास निव्वळ शहर म्हणणे आम्हांस जड जाते.

येथील मुख्य घडण पैंजणांची. मुशीत चांदी वितळवून तिची कांब ओततात, पोलादी पट्टीच्या छिद्रांतून ती ओढून तार काढतात, तारेच्या कड्या करून साखळी गुंफतात, झाळकाम करतात, घुंगरू बसवतात आणि शेवटी दागिना उजळून देतात. ही कामे एकाच छपराखाली होतात असे नाही. आटणीवाला निराळा, तार ओढणारा निराळा, साखळी गुंफणारे हात निराळे. एक पैंजण अनेक उंबरे ओलांडून तयार होते. रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली या शेजारच्या गावांतही हे काम पसरले आहे. झाडलोटीची मातीसुद्धा फेकली जात नाही, कारण तिच्यात चांदीचे कण असतात.

कोल्हापूर शहरात एकोणिसाव्या शतकात स्तूपाच्या अवशेषांत स्फटिकाचा धातुकरंडक सापडला, आणि त्याबरोबरच्या लेखात बम्ह हा दाता व धमगुत हा करविता अशी नावे आली आहेत. १९४५-४६ च्या ब्रह्मपुरी उत्खननाने सातवाहनकालीन नगराची समृद्धी उजेडात आणली. परंतु त्यावरून हुपरीच्या कारागिरीची वंशावळ सातवाहनांपर्यंत नेणे हा इतिहास नव्हे, हौस होय. हुपरीचा चांदीधंदा विसाव्या शतकात वाढला, आणि त्याचे मोल त्यामुळे उणावत नाही.

उलट, याच अलीकडच्या वाढीत तो दुसरा फरक दडलेला आहे. पालीत ‘कम्मार’ हा शब्द लोखंड घडवणाऱ्याला लागतो, तसाच धम्मपदातील मलवग्गात चांदीचा मळ काढणाऱ्यालाही लागतो. मिलिंदपञ्हातील नगरवर्णनात सुवण्णकाराहून वेगळा ‘सज्झुकार’, म्हणजे चांदीचा कारागीर, मोजला आहे. ही नावे कामाची आहेत. मात्र पुढे काम जन्माला बांधले गेले. हुपरीत ती गाठ सैल झाली. सोनार नसलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या कुटुंबांनी मूस हाती धरली, आणि पैंजण विकत घेणाऱ्याने ते कोणाच्या हातचे हे विचारले नाही.

त्याच हातकणंगले तालुक्यात, हुपरीपासून दूर नसलेल्या माणगावी २१ व २२ मार्च १९२० रोजी बहिष्कृत वर्गाची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. राजर्षी शाहू महाराज तेथे जातीने उपस्थित होते. त्यांनी १९१८ मध्ये संस्थानातील महार वतने रद्द करून त्या जमिनी रयतावा करून दिल्या होत्या. वतनाच्या बेड्या तुटल्याशिवाय धंद्याचे स्वातंत्र्य येत नाही, हे त्या राजाने ओळखले होते.

पण धंद्याचे दार उघडले म्हणजे आत सर्वांस सारखी जागा मिळते, असे नाही. येथील लहान कारागीर बहुधा व्यापाऱ्याकडून चांदी घेतो आणि दागिना करून परत देतो. चांदी हाती येते ती पतीवर. आणि पतीच्या मागे जमीन असते, घर असते, सोयरेधायरे असतात. ज्यांच्या आजोबांकडे यांपैकी काही नव्हते, त्यांना कसब असूनही दुसऱ्याच्या भट्टीवर मजुरी करावी लागते. मूस जात विचारत नसेल. उधारी मात्र तिच्या खुणा अजून जपते.

स्त्रियांविषयी तर कमीच लिहिले जाते. कड्या गुंफण्याचे, जोडण्याचे बारीक काम त्या घरी बसून, स्वयंपाक आणि मुले सांभाळून करतात. कारखानदाराच्या वहीत चांदीचे वजन असते, त्यांचे नाव क्वचितच.

२०२५ मध्ये चांदीचा भाव किलोमागे लाखाच्या पुढे गेला. भाव चढला की गिऱ्हाईक हलका दागिना मागते; आणि मजुरी जेथे वजनावर ठरते, तेथे तितक्याच कड्या गुंफूनही हाती कमी पैसे येतात.