खांद्यावरचे गॅलिस

लहानपणी माझ्या हाफपँटला गॅलिस होते. पाठीवर त्यांची फुली पडायची आणि पट्टे दोन्ही खांद्यांवरून पुढे येऊन बटणांत अडकायचे. तेच गॅलिस पुन्हा भेटले गोल्फच्या एका जुन्या पुस्तकात.

गोल्फचा फटका दिसतो हातांचा, पण असतो खांद्यांचा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब मागे जातो तेव्हा डावा खांदा हनुवटीखाली येतो आणि उजवा मागे सरतो. एकाच दांडीची दोन टोकं असल्यासारखे दोघे फिरतात. हॅरी व्हार्डन हा जर्सी बेटावरचा खेळाडू, ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकलेला. 1905 च्या 'द कम्प्लीट गोल्फर'मध्ये तो सांगतो, की खेळताना कमरेला पट्टा नको, गॅलिसच हवेत. गॅलिस खांद्यांना एकत्र धरून ठेवतात. पट्ट्यावर खेळलं की खांदे सैल पडतात, ताब्यात राहत नाहीत.

माझ्या मते खांद्याच्या शास्त्राची कुळकथा इथून सांगायला हवी. गॅलिस करतात काय? खांदा कमरेला बांधतात. खांदा वळला की पट्टा ताणला जातो आणि कमर किती मागे राहिली ते अंगाला कळतं.

यावर पोलादवाद्यांचा आक्षेप असतो. त्यांच्या मते खांद्याला महत्त्व आलं ते पोलादी दांड्यामुळे. हिकरी लाकडाचा दांडा फटक्यात पिळवटायचा, म्हणून मनगटांची कसरत लागे. सेंट अँड्र्यूजच्या 'रॉयल अँड एन्शंट' या गोल्फ संस्थेने 1929 मध्ये पोलादाला परवानगी दिली आणि मनगटांचं काम कमी झालं. हे सगळं खरं आहे. पण व्हार्डनने पट्टा आणि गॅलिस यांची तुलना केली, तेव्हा त्याच्या हातात हिकरीच होती. म्हणजे खांद्यांची ही जाण पोलादाच्या परवानगीपेक्षा चोवीस वर्षांनी जुनी. पोलादाने तिला वाव दिला, जन्म नाही.

आता शब्दाकडे. 'गॅलिस' ऐकला की तो गळ्यावरून आला असावा असं वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटे. पण पट्टा गळ्याला शिवतच नाही. शिवाय 'ॲ' हा स्वर मराठीत आला तोच इंग्रजी शब्दांबरोबर: बॅट, बॅग, टॅक्सी. 'गळा'चा 'गॅळा' कुणी कधी केला नाही. उलट स्कॉटलंडच्या बोलीत या पट्ट्यांना 'गॅलसेस' म्हणतात, आणि तो शब्द फाशीच्या खांबाच्या इंग्रजी नावावरून, 'गॅलोज'वरून, आला. विजार या पट्ट्यांना लटकते म्हणून! लंडनचे साहेब 'ब्रेसेस' म्हणत. आपण मात्र स्कॉटिश बोलीतला शब्द उचललेला दिसतो. स्कॉटिश पलटणींचे गणवेश शिवणाऱ्या शिंप्यांच्या तोंडून तो आपल्याकडे रुळला, असा माझा ठाम कयास आहे. गोल्फ वाढला स्कॉटलंडमध्ये, आणि त्याच्या खांद्यांना आवरणाऱ्या पट्ट्याचं आपलं नावही तिथलंच असावं.

खांद्याच्या शास्त्राचा पुढचा प्रवास माहितीतला. 1957 मध्ये बेन होगन या गोल्फपटूने 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकात चेंडूपासून निघून खांद्यांवर टेकलेल्या तिरप्या काचेचं चित्र दिलं आणि खांद्यांपेक्षा कमर कमी वळवायला सांगितलं. 1992 मध्ये जिम मॅक्लीन या गोल्फ-शिक्षकाने या फरकाला 'एक्स फॅक्टर' असं नाव दिलं. खांदे साधारण नव्वद अंश वळतात, कमर पंचेचाळीस. वरून पाहिलं तर दोन्ही रेषांची फुली दिसते. व्हार्डनच्या गॅलिसनी खांदा आणि कमर यांच्यात जो ताण धरला होता, त्याचंच हे मोजमाप.

गॅलिस गेले, कमरेचे पट्टे आले, आणि जे काम कापड करत होतं ते आता स्नायूंना शिकवावं लागतं. नव्याने क्लब हाती घेणाऱ्याने एक दिवस तरी गॅलिस लावून सराव करावा. आणि जुन्या शिंप्याच्या वहीत हा शब्द कुणाला आढळला, तर ते पान जपून ठेवावं.