हमी, तक्रार आणि साक्ष

आपल्या बाजारात अलीकडे एक नवी वस्तू विकली जाऊ लागली आहे. तिला आकार नाही, वजन नाही आणि ती घरी नेऊन मांडताही येत नाही. तिचे नाव वाढीव हमी. ग्राहकाने फ्रिज किंवा टी.व्ही. घ्यावा, त्याबरोबर मिळालेली वर्षा-दोन वर्षांची हमी अपुरी वाटावी, आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून आणखी काही रक्कम मोजून त्याने पुढील वर्षांची निश्चिंती विकत घ्यावी, असा हा व्यवहार आहे. वस्तू नीट चालते तोवर ह्या कागदाची आठवणही होत नाही. ती बंद पडली म्हणजे मात्र त्यातील बारीक अक्षरे एकाएकी मोठी होतात. हा भाग हमीत येत नाही, हा बिघाड वापरणाऱ्याच्या चुकीचा आहे, अशी उत्तरे मिळू लागतात. मग ग्राहक तक्रार लिहितो, आणि आज इंटरनेटमुळे ती हजारो लोक वाचतात. त्याच पानावर त्याच कंपनीची तोंड भरून केलेली स्तुतीही असते. ह्यातील खरे कोणते मानावे?

प्रश्न आजचा वाटतो खरा. पण त्याची दोन्ही अंगे, म्हणजे विकणाऱ्याचा शब्द आणि घेणाऱ्याची साक्ष, फार पुरातन आहेत.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भाजलेल्या मातीची एक लहानशी वीट आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १७५० च्या सुमारास, आजच्या इराकमधील ऊर नगरात, नान्नी नावाच्या ग्राहकाने एआ-नासिर ह्या तांब्याच्या व्यापाऱ्याला लिहिलेले ते पत्र होय. उत्तम तांबे देण्याचे कबूल करून तू माझ्या माणसापुढे हलका माल टाकलास, शत्रूच्या मुलुखातून आलेल्या माझ्या जासुदाला रिकाम्या हाताने परत पाठविलेस, ह्यापुढे मी माझ्या अंगणात माल पारखून घेईन, असा त्याचा आशय आहे. ह्या पत्रावर विश्वास का ठेवावासा वाटतो? एक तर त्यात मोघम शिव्याशाप नाहीत. कोण गेले, काय बोलणे झाले, काय हाती आले, हा तपशील आहे. दुसरे असे की, आपल्याकडे एक मिना चांदी देणे आहे, ही स्वतःला अडचणीची गोष्टही नान्नी लपवीत नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. ज्या घरात हे पत्र सापडले त्याच घरात तांब्याच्या व्यवहाराविषयी इतरांनीही कुरकुर केलेली पत्रे मिळाली. एआ-नासिरचे उत्तर उपलब्ध नाही, म्हणून अंतिम निवाडा देता येत नाही. परंतु साक्ष वजनदार आहे, एवढे निःसंशय म्हणता येते.

आपल्याकडील स्मृतिकारांनी ह्या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. विकत घेतलेली वस्तू पारखून पाहण्यासाठी याज्ञवल्क्यस्मृतीने मुदती ठरवून दिल्या. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात आणि बियाण्याला दहा दिवस. ज्या वस्तूचा दोष जितक्या उशिरा उघडकीस येतो, तितकी तिची मुदत अधिक, हे त्यामागील तारतम्य उघड आहे. गाय दूध किती देते हे दोन-तीन धारांत कळते; बी रुजते की नाही हे कळावयास दिवस जावे लागतात.

इंग्रजी कायद्याने मात्र दीर्घकाळ घेणाऱ्यालाच सावध राहावयास सांगितले. १६०३ सालचा एक खटला ह्या बाबतीत प्रसिद्ध आहे. एका सोनाराने एक खडा बेझोअर आहे असे सांगून शंभर पौंडांना विकला. बेझोअर म्हणजे जनावराच्या पोटात सापडणारा, विषावर उतारा मानला जाणारा खडा. तो तसा नाही असे पुढे ग्राहकाचे म्हणणे पडले. न्यायालयाने म्हटले, सोनाराने तो बेझोअर आहे असे नुसते सांगितले होते, त्याची हमी दिली नव्हती. सबब दावा चालत नाही. सांगणे निराळे आणि हमी देणे निराळे, ही रेघ तेव्हा अशी ठळक ओढली गेली.

ही रेघ ओलांडण्याचा पुढचा प्रसंग १८९१ सालचा. इंग्लंडात इन्फ्लुएंझाची साथ होती. कार्बॉलिक स्मोक बॉल नावाचे, नाकाने धूर ओढण्याचे एक साधन विकणाऱ्या कंपनीने जाहिरात दिली की, सांगितल्याप्रमाणे हे साधन दोन आठवडे दिवसातून तीनदा वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला आम्ही शंभर पौंड देऊ. आमच्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून हजार पौंड बँकेत ठेवले आहेत. श्रीमती कार्लिल ह्यांनी ते नियमाने वापरले आणि जानेवारी १८९२ मध्ये त्या आजारी पडल्या. कंपनीचे वकील म्हणाले, ती जाहिरात होती, करार नव्हे. डिसेंबर १८९२ मध्ये अपील न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, बँकेत पैसे ठेवल्याचे सांगून ज्याने लोकांचा विश्वास मिळविला, त्याला आता ते बोलणे थट्टेवारी होते असे म्हणता येणार नाही.

हमीचे हे असे झाले, साक्षीचे काय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत गुणकारी म्हणून खपणाऱ्या औषधांच्या जाहिराती बऱ्या झालेल्या रोग्यांच्या पत्रांनी भरलेल्या असत. लिडिया पिंकहॅम ह्यांच्या नावाचे स्त्रियांचे औषध त्यांत अग्रगण्य होते. आपले दुखणे श्रीमती पिंकहॅम ह्यांना लिहून कळवा, असे आवाहन त्या जाहिरातींतून होत असे आणि भोळ्या स्त्रिया मनातले गुज लिहून पाठवीत. १९०५ साली ‘लेडीज होम जर्नल’ ह्या मासिकाचे संपादक एडवर्ड बॉक ह्यांनी एक छायाचित्र छापले. ते श्रीमती पिंकहॅम ह्यांच्या थडग्याचे होते. बाई १८८३ सालीच निवर्तल्या होत्या! त्याच वर्षी सॅम्युअल हॉपकिन्स अ‍ॅडम्स ह्यांनी ‘कॉलिअर्स’ साप्ताहिकात ह्या साऱ्या धंद्याचे वाभाडे काढले, आणि १९०६ मध्ये अमेरिकेत अन्न व औषधे ह्यांविषयीचा कायदा झाला. बॉकने वादविवाद केला नाही. बोलणारा माणूस अस्तित्वात आहे की नाही, एवढेच त्याने जाऊन पाहिले.

आता वाढीव हमीकडे परत येऊ. मूळ हमी ही वस्तूचा गुण सांगते. वाढीव हमी हा मात्र स्वतंत्रपणे विकलेला करार असतो. पुष्कळदा वस्तू एकाची, विक्री दुसऱ्याची आणि हमी तिसऱ्याचीच असते. त्यामुळे तक्रार घेऊन जाणारा ग्राहक तिघांच्या दारी फिरत राहतो. शिवाय हा करार वस्तू घेण्याच्या घाईत, दुकानाच्या गल्ल्यापाशीच विकला जातो. तेथे किंमत ताडून पाहण्यास ना सवड असते, ना साधन. अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा करून लेखी हमी सोप्या आणि स्पष्ट भाषेत असलीच पाहिजे, असे बंधन घातले. ब्रिटनमध्ये चौकशी होऊन २००५ पासून घरगुती विद्युत उपकरणांच्या वाढीव हमीची किंमत उघड दाखविणे दुकानदारास भाग पडले आणि दीर्घ मुदतीची हमी पंचेचाळीस दिवसांत रद्द करून पूर्ण पैसे परत मागण्याचा हक्क ग्राहकास मिळाला. याज्ञवल्क्याने रत्नाला सात दिवस दिले होते. वचनाची पारख करावयास पंचेचाळीस लागले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आपल्या देशात १९३० च्या माल विक्री कायद्यात हमीची व्याख्या आहे. पण सामान्य माणसाला न्यायालयाची पायरी परवडत नसे. १९६६ साली मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी निघाली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारीला स्वतंत्र दार मिळाले. त्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. खोट्या शिफारशींचा प्रश्नही सरकारला घ्यावा लागला. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये इंटरनेटवरील ग्राहक-अभिप्रायांसाठी एक मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय देणारी व्यक्ती खरी आहे की नाही हे तपासावे, अशी त्यात अपेक्षा आहे. अमेरिकेतही २०२४ मध्ये बनावट अभिप्रायांवर बंदी घालणारा नियम अमलात आला.

तरीही शेवटची पारख वाचणाऱ्याचीच. इतिहाससंशोधक जुन्या कागदाची अस्सल-बनावट निवड करताना जे प्रश्न विचारतो, तेच येथे विचारावेत. लिहिणाऱ्याने स्वतः अनुभवले आहे की ऐकीव सांगितले आहे? तारीख, रक्कम, मिळालेले उत्तर, असा तपशील आहे काय? स्वतःच्या बाजूचे उणेही त्याने सांगितले आहे काय? एकाच सुमारास, एकाच ठशाची अनेक पत्रे आली आहेत काय? ह्या लिहिण्यात कोणाचा लाभ आहे? स्तुतीइतकीच निंदाही विकत मिळू शकते, हे विसरू नये. आणि प्रत्येक तक्रार खरी असली तरी समाधानी माणूस सहसा गप्प बसतो, म्हणून दहा तक्रारींवरून सर्व माल वाईट ठरत नाही. त्या दहांत बिघाड तोच, आणि नकाराचे कारणही तेच असेल, तर मात्र थांबून विचार करावा.

खोट्या साक्षीने फसणारा ग्राहक दिसतो. पण तिचा आणखी एक बळी आहे, तो दिसत नाही. हप्त्याहप्त्याने पैसे भरून घेतलेली वस्तू बंद पडली आहे, हमीचा कागद हातात आहे, आणि जो खरे तेच लिहीत आहे, त्याच्यावरही मग कोणी विश्वास ठेवीत नाही. नान्नीची तक्रार मातीवर लिहिलेली होती. आज तिच्याकडे तीन हजार सातशे वर्षांनंतरही लोक कान देतात. आपल्या काळातील खऱ्या तक्रारीला निदान आपल्या हयातीत ऐकणारा मिळावा, एवढ्यासाठी तरी खऱ्या-खोट्याची पारख करण्याचे कष्ट आपण घेतले पाहिजेत.