सात बियांच्या पुढचा हिशोब

बाबा बुडन यांच्या सात बियांची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असते. सतराव्या शतकात हजहून परतताना या सूफींनी येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं परंपरा सांगते. बिया कमरेला बांधून आणल्या की दाढीत लपवून, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. दत्ताचं स्थान म्हणून महाराष्ट्रातले भाविकही त्याच डोंगरावर जातात. गोष्ट गोड आहे, पण ती बी रुजलं की संपते. मला त्यापुढचा हिशोब हवा असतो. ज्या लहान शेतकऱ्याने ते झाड जपलं, त्याच्या पदरात काय पडलं? आज जिला आपण शाश्वत शेती म्हणतो, ती त्याला परवडली का?

आधी येमेनकडे बघू. रात्रीच्या जिक्रसाठी जागं राहायला तिथले सूफी कॉफी पीत. 1511 साली मक्केत खैर बेगने तिच्यावर बंदी घातली, ती फार काळ टिकली नाही. अरबीत बी म्हणजे ‘बुन्न’ आणि पेय म्हणजे ‘क़हवा’. उर्दूने पेयाचा शब्द उचलला आणि बियाचा सोडून दिला. वर्गात हा शब्द आला की मुलांना काश्मिरी चहा आठवतो, ते वेगळं. हे बी पिकवणारे येमेनी शेतकरी डोंगरउतारावर दगडी बांध घालून पायऱ्या करत, पावसाचं पाणी त्यात अडवत आणि माती धरून ठेवत. त्या काळी जगातल्या बाजारात येणारी जवळजवळ सगळी कॉफी याच पायऱ्यांवरची होती. मग डचांनी रोपं जावात नेली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जावाची कॉफी ॲमस्टरडॅमला पोचू लागली आणि मोखाची मक्तेदारी गेली. येमेनी शेतकऱ्याची शेती बिघडली नव्हती, त्याचा दर गेला होता. पुढे विसाव्या शतकात कितीतरी पायऱ्यांवर कॉफीच्या जागी कात आली. कात म्हणजे चघळायचा पाला. तो वर्षातून अनेकदा खुडता येतो आणि लगेच रोख पैसे देतो. मात्र भूगर्भातलं पाणीही तोच ओढतो. त्या शेतकऱ्याला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. घर त्याला चालवायचं होतं.

आता पुन्हा आपल्या देशात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रज मळेवाले कोडगूत आणि आसपासच्या डोंगरांत उतरले. पुष्कळ ठिकाणी त्यांनी जंगल सपाट केलं आणि उघड्या उन्हात कॉफी लावली. 1860 च्या दशकात कोरडी वर्षं आली आणि पांढऱ्या खोडकिड्याने मळेच्या मळे पोखरले. मद्रास सरकारने जॉर्ज बिडी यांना चौकशीला नेमलं. त्यांचा अहवाल 1869 चा आहे. त्याच वर्षी सिलोनमध्ये पानांवरचा तांबेरा ओळखला गेला आणि पुढच्या दोन दशकांत सिलोन कॉफी सोडून चहाकडे वळला. कर्नाटकात कॉफी टिकली, त्यात सावलीचा मोठा हात आहे. या किड्याची मादी ऊन लागणाऱ्या खोडाच्या सालीच्या फटींत अंडी घालते, सावलीत ती कमी येते. वर उंबर, फणस, शिसव आणि खाली कॉफी असली की गळलेल्या पाल्याचं खत होतं आणि मुसळधार पावसात माती वाहून जात नाही.

पण सावलीत झुडपाला फळ कमी लागतं, हेही खरं. ब्राझीलच्या उघड्या मळ्यांशी एकरी कॉफीची तुलना केली तर आपला शेतकरी हरतोच. भारतात कॉफीचे 99 टक्क्यांच्या आसपास धारक दहा हेक्टरच्या आतले आहेत आणि सुमारे 70 टक्के पीक तेच काढतात. यांचा हिशोब एका पिकाचा नसतोच. सावलीच्या झाडावर मिरीचा वेल चढतो, मध्ये सुपारी, वेलची, संत्री असतात. एका वर्षी कॉफी कमी आली किंवा दर पडला तर मिरी घर सावरते. खर्चात सर्वांत मोठा वाटा मजुरीचा असतो. त्यात दरवर्षी झाडावर चढून फांद्या छाटण्याचं अवघड काम येतं, तेही मोजलं पाहिजे. सगळं धरून माझं मत असं, की चांगल्या वर्षी सावलीची शेती मागे पडते आणि वाईट वर्षी ती शेतकऱ्याला बुडू देत नाही.

वाईट वर्ष नेहमी आभाळातून येत नाही. 1942 च्या कायद्याने सगळी कॉफी कॉफी बोर्डाकडे द्यावी लागे. पैसे हप्त्याहप्त्याने मिळत, त्याबद्दल कुरकूर असे, पण दराचा धक्का थेट घरात येत नसे. 1989 साली जागतिक कोटा पद्धत कोसळली. इकडे 1996 पर्यंत बोर्डाची सक्तीही उठली. 2001 साली जागतिक दर पाऊंडाला 45 सेंटच्या आसपास आला आणि कित्येकांना तोडणीची मजुरीही निघेना. शेती पूर्वीसारखीच होती, पण दर ठरणारी जागा आता शेतापासून फार लांब होती.

मग प्रमाणपत्रांचा मार्ग पुढे आला. सेंद्रिय म्हणवून घ्यायला कॉफीसारख्या बहुवर्षीय पिकाला तीन वर्षं लागतात. तेवढ्या काळात रासायनिक खत बंद, उत्पन्न खाली आणि विक्री साध्याच दराने. शिवाय नोंदी, तपासणी, फी. दोन एकरवाला आपली फळं दारावर आलेल्या व्यापाऱ्याला विकतो, त्यामुळे वरचा दर त्याच्यापर्यंत येतच नाही. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात चित्र थोडं वेगळं दिसतं. तिथल्या आदिवासी कुटुंबांकडे एक-दोन एकर कॉफी असते. सहकारी संस्थेमार्फत पिकलेली फळं गोळा करून एकत्र प्रक्रिया होऊ लागली. 2017 मध्ये अराकूच्या नावाने पॅरिसमध्ये दुकान उघडलं आणि 2019 मध्ये अराकू, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी, कोडगू, वायनाड या पाचही कॉफींना भौगोलिक मानांकन मिळालं. सावली अराकूतही आहे आणि कोडगूतही. माझ्या मते फरक पडला तो फळ तोडल्यानंतर ते कोणाच्या हातात राहतं यामुळे.

कोडगूत आज एक शांत बदल चालू आहे. जुनी जंगली झाडं तोडायला परवानग्यांचा फेरा असतो. ऑस्ट्रेलियातून आलेला सिल्व्हर ओक मात्र लवकर वाढतो, मिरीला सरळ खांब देतो आणि सहज विकता येतो. म्हणून फणस-उंबराच्या जागी तो वाढतो आहे. कागदावर सावली तेवढीच दिसते. त्यात 2025 च्या फेब्रुवारीत अरेबिकाचा जागतिक दर पाऊंडाला चार डॉलरच्या वर गेला. अशा वेळी वरच्या आणखी चार फांद्या उतरवून ऊन आत घ्यावं असं कोणालाही वाटेल. 1860 च्या आधी कोडगूच्या उघड्या मळ्यांतही सुरुवातीची पिकं भरघोसच आली होती.