एका मतांत दोन निकाल

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा गांवचा मतदार लोकसभेसाठीं मत देतो, तेव्हां त्या एका मतांत दोन निकाल मिसळलेले असतात. एक पक्षाविषयीं आणि दुसरा मागील पांच वर्षें प्रतिनिधित्व केलेल्या माणसाविषयीं. पक्ष मान्य, परंतु माणसाचें काम अमान्य, असें ज्यास वाटतें, त्यास हे दोन निकाल वेगळे करून सांगण्याची सोय नाहीं. उमेदवार कोण, हें आधींच ठरलेलें असतें.

ही सोय व्हावी म्हणून अमेरिकेंत पक्षान्तर्गत निवडणुकीची प्रथा रूढ झाली. विस्कॉन्सिन राज्यानें १९०३ सालीं तसा कायदा करून उमेदवारीचा अधिकार पुढाऱ्यांच्या बैठकींतून काढला व मतदारांच्या हातीं दिला. येथें सर्व उमेदवारांवर शिक्का एकाच पक्षाचा. तेव्हां विद्यमान प्रतिनिधीचें मागील कार्य हीच निवडीची मुख्य कसोटी व्हावी. तथापि तेथेंहि विद्यमान प्रतिनिधी क्वचितच हरतो. कारण परिचित नांव, पैसा आणि कार्यकर्ते त्याच्याच बाजूस असतात.

आपल्याकडे तसा कायदा झाला नाहीं; परंतु पक्षानें आपल्याच अधिकाऱ्याच्या कारभाराचा न्याय केल्याचीं उदाहरणें आहेत, आणि त्यांपैकीं दोन जुन्या मध्यप्रांताशीं निगडित आहेत. गोंदिया त्या काळीं याच प्रांताच्या भंडारा जिल्ह्यांत होतें.

पहिलें उदाहरण १९३८ चें. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे हे प्रांताचे मुख्य प्रधान होते. सहकाऱ्यांशीं बेबनाव झाल्यामुळें त्यांनीं जुलै महिन्यांत राजीनामा दिला व लागलीच नवें मंत्रिमंडळ बनविलें. काँग्रेसच्या वरिष्ठांस हें बेशिस्तीचें वाटलें. खऱ्यांस पुन्हां पायउतार व्हावें लागलें, आणि वर्धा येथें भरलेल्या पक्षसभेनें पंडित रविशंकर शुक्ल यांस नेता निवडलें. सुमारें एका वर्षाच्या कारभारापेक्षां शेवटच्या कांहीं दिवसांचें वर्तन तराजूंत जड ठरलें.

दुसरें उदाहरण पुढील वर्षाचें. सुभाषचंद्र बोस हे काँग्रेसचे विद्यमान अध्यक्ष असतांना पुन्हां उभे राहिले. जानेवारी १९३९ मध्यें प्रतिनिधींनीं त्यांस १५८० व पट्टाभि सीतारामय्या यांस १३७७ मतें दिलीं. सीतारामय्यांस गांधीजींचा पाठिंबा होता, तरी बहुमत विद्यमान अध्यक्षांकडे गेलें. परंतु कार्यसमितीच्या बहुतेक सभासदांनीं राजीनामे दिले. जबलपूरजवळील त्रिपुरीच्या अधिवेशनानें गांधीजींच्या विश्वासांतील कार्यसमिती नेमावी असा ठराव केला, आणि एप्रिलमध्यें बोस यांनीं अध्यक्षपद सोडलें. प्रतिनिधींचा कौल एक, आणि सत्ता चालविणाऱ्या मंडळाचा कौल दुसरा.

पंचाहत्तर वर्षांनीं, २०१४ सालीं, वर्धा पुन्हां अशा निवडीचें स्थान झालें. काँग्रेसनें देशांतील कांहीं थोड्या लोकसभा मतदारसंघांत पक्षान्तर्गत मतदानानें उमेदवार ठरविण्याचा प्रयोग केला. महाराष्ट्रांत त्यासाठीं वर्धा व लातूर निवडले गेले. मताचा अधिकार मुख्यतः पक्षाचे पदाधिकारी व निवडून आलेले प्रतिनिधी यांस होता. वर्ध्यांत विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे यांनीं चारुलता टोकस यांचा पराभव केला. पुढें सार्वत्रिक निवडणुकींत भारतीय जनता पक्षाचे रामदास तडस यांनीं सागर मेघे यांस दोन लाखांहून अधिक मतांनीं हरविलें. देशभर वारा भाजपच्या बाजूनें होता, हें खरें. म्हणून त्या पराभवांत किती भाग पक्षाचा व किती माणसाचा, हें सांगतां येत नाहीं. परंतु पक्षांतील थोड्यांची पसंती म्हणजे जनतेची पसंती नव्हे, एवढें स्पष्ट झालें.

त्याच निवडणुकींत कुडव्याच्या मतदारास मात्र पक्षान्तर्गत मतदान मिळालें नव्हतें. भंडारा-गोंदिया मतदारसंघांतील विद्यमान खासदार प्रफुल्ल पटेल हे नाना पटोले यांच्याकडून सुमारें दीड लाख मतांनीं हरले. येथेंहि प्रतिनिधीच्या कामाचा हिशेब आणि पक्षाविषयींचा राग वा लोभ एकाच आंकड्यांत मिसळून गेला.

या सर्वांतून एक गोष्ट निघते. मागील कामाचा न्याय कोणत्या कसोटीनें होतो, हें तराजू कोणाच्या हातीं आहे यावर अवलंबून असतें. वरिष्ठांच्या हातीं असेल तर शिस्त तोलली जाते, पदाधिकाऱ्यांच्या हातीं असेल तर स्नेहसंबंध. रस्ता, पाणी आणि धानाचा भाव यांस वजन हवें असेल, तर तो गांवकऱ्यांच्या हातीं द्यावा लागतो. तोंपर्यंत कुडव्याच्या मतदारास एकाच मतानें दोन निकाल द्यावे लागतील, आणि त्यांतील कोणता ऐकूं गेला, हें त्यास कळणार नाहीं.