युंगफ्राउची रेल्वे आणि एका दिवसाचे शिखर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आल्प्समधील बर्फाच्या उंचीवर जाणे हे एकट्याचे काम नव्हते आणि एका दिवसाचेही नव्हते. स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतातील युंगफ्राउ हे 4158 मीटर उंचीचे शिखर 1811 साली मायर बंधूंनी प्रथम सर केले. त्यानंतर कित्येक दशके या परिसरात हिमनदीवर पाय ठेवू इच्छिणाऱ्या प्रवाशाला वाटाडे आणि हमाल ठरवावे लागत, एक-दोन रात्री डोंगरातल्या झोपडीत काढाव्या लागत आणि हवामान फिरले तर हात हलवत परतावे लागे. वाटाड्यांचा हा व्यवसाय इतका रुजला होता की बर्न प्रांताने 1856 साली त्यासाठी नियमावली केली. बेडेकरच्या प्रसिद्ध प्रवास-मार्गदर्शिकांत तर कोणत्या चढाईला वाटाड्याला किती फ्रँक द्यायचे याचे दरच छापलेले असत. डोंगरात एकटा जाणारा माणूस त्या काळी एक तर गुराखी असे, शिकारी असे किंवा बेफिकीर तरी. सकाळी तिकीट काढून एकट्याने बर्फावर जावे आणि संध्याकाळी खाली येऊन जेवावे ही आज साधी वाटणारी गोष्ट घडवून आणायला एक संपूर्ण रेल्वे लागली, आणि तिचा आराखडा पहिल्यापासून परतीच्या तिकिटाचा हिशेब समोर ठेवून केलेला होता.

डोंगरी रेल्वेची सुरुवात याहून बरीच खाली झाली. साध्या रूळावर पोलादी चाक तीव्र चढावर घसरते, म्हणून दोन रूळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवायची आणि इंजिनाखालच्या दंतचक्राचे दाते तिच्यात अडकवून गाडी वर ओढायची, ही दातेरी रूळाची युक्ती अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टनवर 1869 साली प्रवासी वाहतुकीसाठी यशस्वी झाली. निक्लाउस रिगेनबाख या अभियंत्याने 1871 साली लुसर्नजवळच्या रिगी डोंगरावर युरोपातील अशी पहिली रेल्वे सुरू केली. (भारतात ही पद्धत निलगिरीच्या रेल्वेवर पाहायला मिळते, 1907 साली सुरू झालेली नेरळ-माथेरानची गाडी मात्र दात्यांशिवाय, वळणे घेत घेत चढते.) रिगीच्या गाडीने एका दिवसाच्या सहलीची सोय केली खरी, परंतु तिथले आकर्षण होते सूर्योदयाचे, आणि सूर्योदय पाहायचा तर रात्री माथ्यावरच्या हॉटेलात मुक्काम करणे भाग असे. पुढे 1890 साली इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्ड या गावांपर्यंत रेल्वे पोहोचली, आणि 1893 साली ही दोन गावे जोडणारी दातेरी रेल्वे त्यांच्या मधल्या क्लाइने शायडेग या 2061 मीटर उंचीच्या खिंडीवरून धावू लागली. तिथे उतरलेल्या प्रवाशाला आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तिन्ही शिखरे अगदी समोर दिसत, पण त्यांच्यापर्यंत जाण्याचा मार्ग पूर्वीइतकाच बिकट होता.

युंगफ्राउवर रेल्वे नेण्याच्या योजना याआधीही पुढे आल्या होत्या. आयफेल टॉवरच्या रचनेत सहभागी असलेल्या मॉरिस केश्लँ यांचीही एक होती. त्या बहुतेक दरीच्या तळापासून थेट माथ्याकडे निघत असल्याने खर्चातच अडकल्या. झुरिकचे कापड-गिरणीमालक आणि रेल्वे-उद्योजक आडोल्फ गुयर-त्सेलर यांना ऑगस्ट 1893 मध्ये, म्यूरेनच्या परिसरात मुलीबरोबर फिरत असताना, समोर क्लाइने शायडेगकडे जाणारी नवी गाडी दिसली आणि सुरुवात तिथूनच का करू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. त्याच मुक्कामात रात्री त्यांनी कागदावर मार्गाचे कच्चे रेखाटन केले आणि तो कागद आजही जपून ठेवलेला आहे. त्यांच्या कल्पनेत अभियंत्याच्या धाडसापेक्षा व्यापाऱ्याचा हिशेब अधिक होता, असे म्हणायला हरकत नाही. निम्मी उंची दुसऱ्याच्या रेल्वेने आधीच गाठून दिली होती. उरलेला मार्ग आयगर आणि म्योंखच्या पोटातून बोगद्याने न्यायचा, म्हणजे हिमकडे आणि वादळे यांची भीती नाही. आणि बोगदा जसजसा पुढे सरकेल तसतसे कड्याला भोके पाडून मधली स्थानके उघडायची, म्हणजे काम पुरे होण्याआधीच तिकिटांचे पैसे येऊ लागतील.

परवान्याच्या वेळी मात्र एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. पायी चढणारा माणूस हळूहळू उंचीला सरावतो. खुर्चीत बसून दोन-तीन तासांत विरळ हवेत जाऊन पोहोचणाऱ्या प्रवाशाच्या हृदयाचे आणि श्वासाचे काय होईल? या प्रश्नाची तपासणी बर्नचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ह्यूगो क्रोनेकर यांच्याकडे आली. सप्टेंबर 1894 मध्ये त्यांनी झेरमाटजवळच्या ब्राइटहॉर्न शिखराखालच्या 3750 मीटर उंचीच्या बर्फाळ पठारावर सात जणांना हमालांकरवी अक्षरशः उचलून नेले, जेणेकरून चालण्याचा शीण निकालावर परिणाम करणार नाही, आणि तिथे त्यांची नाडी व श्वास तपासला. बसून राहिलेल्या माणसाला फारसा त्रास होत नसे, पण चार पावले टाकताच नाडी धावू लागे आणि दम लागे. निरोगी माणसाने श्रम न करता वर थोडा वेळ थांबायला हरकत नाही, असा या तपासणीचा मथितार्थ होता. वैद्यकीय दृष्टीनेही वर जाऊन लवकर परत येणेच श्रेयस्कर ठरले, ही गोष्ट गुयर-त्सेलर यांच्या हिशेबाला पूरकच होती. डिसेंबर 1894 मध्ये परवाना मिळाला.

बांधकामाला 1896 च्या जुलैमध्ये आरंभ झाला. दातेरी पट्टीची नवी रचना एमिल श्ट्रूब यांनी केली आणि ती प्रथम याच मार्गावर वापरली गेली. गाडी सुरुवातीपासून विजेवर चालणार असल्याने बोगद्यात कोळशाच्या धुराचा प्रश्न उद्भवला नाही. वीज लाउटरब्रुनेनच्या दरीतील नदीच्या पाण्यापासून तयार होत असे. आयगरग्लेचर स्थानकापर्यंतचा उघड्यावरचा टप्पा सप्टेंबर 1898 मध्ये सुरू झाला आणि त्यापुढे डोंगर फोडण्याचे काम होते. ते करणारे मजूर बहुतांशी इटालियन होते. हिवाळ्यात खालची रेल्वे बंद पडे, तेव्हा आयगरग्लेचरची वसाहत महिनोन्‌महिने बर्फात अडकून राही. अन्नसाठा शरद ऋतूतच भरून ठेवावा लागे आणि पाण्यासाठी बर्फ वितळवावा लागे. फेब्रुवारी 1899 मध्ये सुरुंगाच्या अपघातात सहा मजूर ठार झाले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, एप्रिलमध्ये, खुद्द गुयर-त्सेलर वारले. पैशाची चणचण, संप आणि 1908 साली आयगरवँड स्थानकाजवळ झालेला स्फोटकांच्या साठ्याचा प्रचंड स्फोट, यांतून रखडत सात वर्षांचे काम सोळा वर्षांवर गेले. एकूण 30 मजूर या कामावर दगावले. शिखरापर्यंत जाऊन अखेरचा भाग उद्वाहकाने गाठायचा मूळ बेतही खर्चापायी सोडावा लागला आणि 1 ऑगस्ट 1912 रोजी, म्हणजे स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय दिनी, सुरू झालेला मार्ग म्योंख व युंगफ्राउ यांच्यामधल्या युंगफ्राउयोख या 3454 मीटर उंचीच्या खिंडीत थांबला. सुमारे 9.3 किलोमीटरच्या मार्गापैकी सात किलोमीटरांहून अधिक भाग बोगद्यात आहे.

या रेल्वेने प्रवाशाला वाटाड्यापासून मोकळे केले, परंतु वाटाड्याची कामे संपली नाहीत. ती वेळापत्रकाकडे गेली. कुठे थांबायचे, किती वेळ थांबायचे आणि केव्हा मागे फिरायचे हे आता गाडी ठरवू लागली. आयगरवँड (1903) आणि आइसमेर (1905) या मधल्या स्थानकांवर गाडी काही मिनिटे थांबे, प्रवासी खडकात कोरलेल्या खिडक्यांशी जात, काचेपलीकडचा कडा किंवा हिमनदी पाहत आणि पुन्हा डब्यात येऊन बसत. एकट्या प्रवाशाला अशा वेळी सोबतीची उणीव भासत नसे, कारण सोबत्याने करायचे जवळजवळ सारे काही कंपनीनेच करून ठेवलेले होते.

काचेपलीकडे मात्र जुने नियम लागू राहिले, हे जुलै 1936 मध्ये फार विदारकपणे दिसले. आयगरच्या उत्तर कड्यावर अडकलेल्या चार तरुण गिर्यारोहकांना बोगद्यातला राडारोडा बाहेर टाकण्याच्या दारातून रूळांची देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याने हाक मारली, उत्तर ऐकले आणि ते आता पोहोचतीलच म्हणून चहा ठेवला. चहा निवला तरी कोणी आले नाही. तो पुन्हा दारात गेला तेव्हा चौघांपैकी एकट्या टोनी कुर्झचाच आवाज येत होता. सुटकेसाठी आलेले वाटाडे त्याच रेल्वेने आले आणि त्याच दारातून कड्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी कुर्झ त्यांच्यापासून अवघ्या काही मीटरांवर दोराला लटकलेल्या अवस्थेत गेला.

रेल्वेने सारे डोंगर असे सर्वांना खुले करावेत काय, यावर स्वित्झर्लंडमध्येच वाद पेटला होता. मॅटरहॉर्नच्या माथ्यावर रेल्वे नेण्याची योजना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुढे आली, तेव्हा 1905 साली स्थापन झालेल्या वारसा-संरक्षण संघटनेने आणि गिर्यारोहकांनी सह्यांची मोठी मोहीम उभारली आणि ती योजना बारगळली. युंगफ्राउची रेल्वे आधी परवाना मिळाल्यामुळे वाचली, असे म्हणावे लागते. दहा-बारा वर्षांनी अर्ज केला असता तर गुयर-त्सेलर यांनाही तो परवाना बहुधा मिळाला नसता.

युंगफ्राउयोखवर 1931 साली उच्च-पर्वतीय संशोधन केंद्र आणि 1937 साली स्फिंक्स वेधशाळा उभी राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदी चित्रपटांतील स्विस दृश्यांमुळे भारतीय प्रवाशांची रीघ लागली आणि खिंडीतल्या इमारतीत भारतीय जेवणही मिळू लागले. मुंबई-पुण्याहून येणारा मराठी पर्यटक इथे बहुधा सहल-कंपनीच्या गटातूनच येतो आणि त्याचा दिवस वेळापत्रकाच्या जोडीने सहल-व्यवस्थापकाच्या शिट्टीवर चालतो. वार्षिक प्रवाशांची संख्या 2015 साली प्रथमच दहा लाखांवर गेली. गर्दी वाढली तशी घाईही वाढली. आयगरवँडचा थांबा 2016 पासून बंद आहे आणि त्या खिडक्यांवरून गाडी आता न थांबता पुढे जाते. डिसेंबर 2020 पासून ग्रिंडेलवाल्डहून आयगरग्लेचरपर्यंत पंधरा मिनिटांत नेणारा नवा रज्जुमार्ग सुरू झाल्याने क्लाइने शायडेगला गाडी बदलण्याची गरजही अनेकांना उरलेली नाही. क्रोनेकर यांनी ज्या चढाईच्या वेगाबद्दल प्रयोग केले, तो वेग वाढवण्यासाठीच आज भांडवल गुंतवले जाते; आणि वर पोहोचलेल्या प्रवाशांना जिने सावकाश चढण्याची सूचना मात्र अजूनही द्यावीच लागते.