सूर्यफूल आलं कुठून आणि गेलं का?



चार दिवस खडकीला पोराकडं आलोय. काल किराणा दुकानात सूर्यफूल तेलाची पिशवी घेतली. दुकानदार म्हणाला, "काका, लढाई लागल्यापासून याच्या भावाचा भरवसा नाही." लढाई म्हणजे रशिया-युक्रेनची, 2022 पासूनची. आपल्याकडचं सूर्यफूल तेल मोठ्या प्रमाणात या दोन देशांतनंच येतं. हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. कारण हे पीक आपल्याकडं आलं ते रशियातनंच.

फूल मूळचं अमेरिकेचं. पण त्यातलं तेल वाढवलं रशियाच्या क्रास्नोडारमध्ये, पुस्तोव्हॉईट नावाच्या शास्त्रज्ञानं. तिकडचे पेरेडोविक, अर्माविर्स्की असे वाण 1969 साली भारतात आले. पुढं कॅनडाचा बुटका 'मॉर्डेन' आला, 80-85 दिवसांत निघणारा. 1980 ला बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं बीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित वाण दिला. आपल्याकडं लातूरच्या गळीतधान्य केंद्रानंही संकरित वाण काढले.

आमचं रान सोलापूर जिल्ह्यात. पाऊस बेताचा, जमीन चुनखडीची, सामू सव्वाआठच्या पुढं. तिथं हे पीक वडलांनी धरलं. सोटमूळ खोल जातं, त्यामुळं खालची ओल उचलतं. दिवस लहान-मोठा झाला तरी फुलतं, म्हणून खरीप, रब्बी, उन्हाळी कधीही पेरता येतं. थोड्याफार खारवटपणाला दाद देत नाही.

पण खारवट वेगळी आणि चोपण वेगळी. वडलांनी एक वर्षी ओढ्याकडच्या चोपण तुकड्यात पेरलं. वर पापुद्रा धरला, कोंब बाहेरच येईनात. निम्मं बी वाया गेलं. तिथं आधी माती तपासून जिप्सम आणि पाण्याचा निचरा, मगच पीक.

दुसरं दुखणं पोचट दाण्यांचं. चुनखडीच्या जमिनीत बोरॉन मुळाला नीट मिळत नाही, त्यात मधमाश्या कमी. आई फुलोऱ्यात सकाळी 8 ते 11 हाताला मऊ फडकं गुंडाळून फुलाफुलावर फिरवायची. बोरॅक्सची फवारणी, लिटरला 2 ग्रॅम, आम्हाला फार उशिरा कळली.

मग पीक गेलं का? 1990 च्या सुरुवातीला देशात सूर्यफूल 20 लाख हेक्टरच्या वर होतं. आज त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकंही नाही. 1994 ला पामतेलाची आयात खुली झाली, पुढं आयातशुल्कही उतरत गेलं. बाहेरचं स्वस्त तेल आलं आणि आपल्या बियांचा भाव पडला. त्यातच 1997 ला कर्नाटकात नेक्रोसिस रोग दिसला, मग आपल्याकडंही पसरला. हा विषाणू गाजर गवतावर राहतो. गवतावर रोग दिसत नाही, पण त्याचे परागकण आणि फुलकिडे तो सूर्यफुलावर आणतात. आणि हे गाजर गवत देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते 1955 च्या सुमारास, याच पुण्यात!

म्हणून सांगतो, "आपली जमीनच वाईट" असं म्हणून पीक सोडू नका. जमिनीनं पंचवीस वर्षं साथ दिली. मार खाल्ला तो भावात आणि रोगात. भाव आपल्या हातात नाही, पण बांधावरचं गवत आहे.

औंदा मी अर्धा एकर पेरणार. बांध फुलायच्या आधी साफ करणार आणि कडेनं ज्वारीच्या चार ओळी लावणार, फुलकिडे अडवायला. काय निघेल ते वजन करून इथंच लिहीन, तोटा झाला तरी.

तुमच्या भागात शेवटचं सूर्यफूल कधी पेरलं होतं, आणि का सोडलं? जरूर सांगा.